त्या काळी एसटी नव्हती

चहा आधी पिऊन घ्या, कारण ऐकल्यावर तुम्ही मला कप फेकून मारणार! असा गाढवपणा केलाय मी, की आठवलं की भिंतीवर डोकं आपटावं वाटतं.

मी नांदेडला कॉलेजात मराठी शिकवते. गॅदरिंगसाठी टूम काढली: दोनशे वर्षांमागच्या दोन मैत्रिणींची पत्रं! मी भागू, अन् माझी एम.ए.ची मैत्रीण वैशाली, देगलूरची, ती गंगू. पत्रं पोस्टानं पाठवायची अन् मग स्टेजवर वाचायची.

दोन पत्रं झकास झाली. मग तिचा फोनच लागेना. बिघडला असंल, म्हणलं. बिघडतोय कशाचा? भावानं काढून घेतला होता! पण मला काय ठाऊक?

तिसरं पत्र आलं.

"भागू, घरचे माझं लग्न लावून राहिलेत. मला शिकायचंय गं. सोमवारी सकाळी नऊच्या एसटीला स्टँडवर ये. एकटीला धीर होत न्हाई. मला घेऊन जा."

दादा तिची पत्रं वाचायचा, त्याला तिनं नाटकाचं हाय म्हणून सांगितलेलं. तिला वाटलं, दादाला कळणार न्हाई, भागूला कळंल. दादाला न्हाईच कळलं. पण भागूला तरी कुठं कळलं?

मी बाई मास्तरीण! लाल पेन काढला. 'एसटी'ला गोल केला, बाजूला लिहिलं: "गंगे, त्या काळी एसटी कुठली? बैलगाडी कर. दुःख अजून वाढव. दहापैकी सहा." अन् दिलं की परत पाठवून!

वर गॅदरिंगला त्याची दुरुस्त केलेली नक्कल वाचली. लोक रडले. मला शील्ड मिळाली हो, शील्ड!

मग तिची लग्नपत्रिका आली. पळत देगलूर गाठलं, तर अक्षदा पडून गेलेल्या. तशीच स्टेजवर चढले, तिचा हात धरला.

"वैशे, अगं, मला कळवायचं तरी!"

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे कोरडे ठाक.

"कळवलं की. सोमवारी दुपारी एकपर्यंत पिशवी घेऊन स्टँडवर उभी होते. शेवटी दादाच आला न्यायला. दुसऱ्या दिवशी तुझं उत्तर आलं, तवा कळलं."

"काय कळलं?"

"बैलगाडीनं निघाली असशील म्हणून. आत्ता पोचलीस व्हय?"