चार मात्रांची रिकामी जागा

हिमायतनगरच्या फलाटावर त्या सकाळी मला निरोप द्यायला एकच माणूस आला होता. आमच्या गावच्या महादेवाचे गुरव केरबा. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. आज लिहिताना मी त्यांना ‘ते’ म्हणतो आहे. त्या दिवसापर्यंत ‘अरे केरबा’ म्हणत आलो होतो आणि ते मला ‘गुरुजी’ म्हणत. पुराणिकाच्या घरात जन्मलो, एवढेच त्याचे कारण. या लेखात ज्या गोष्टींची लाज सांगायची आहे, त्यांतली ही सर्वांत लहान.

केरबांनी कागदाच्या पुडीत देवाचा अंगारा आणला होता आणि फडक्यात बांधलेले धपाटे. गाडी दिसू लागली तेव्हा ते म्हणाले, “गुरुजी, लातूरला लई मोठाले गाणारे-वाजवणारे असतील. त्यायला आपली चाल ऐकवा बरं.”

मी म्हणालो, “ऐकवीन की.” गाडी आली, मी चढलो. खिडकीतून पाहिले तेव्हा ते हात जोडून उभे होते. मी हात हलवला. हात जोडायला हवे होते, हे कळायला मला दोन वर्षे लागली.

गावातल्या मंडळींनो, आणि माझ्यासारखेच पोटासाठी, मानासाठी किंवा केवळ एकटेपण टाळण्यासाठी बाहेर पडलेल्यांनो, तुम्हां दोघांनाही उद्देशून हे लिहितो आहे. लोक साता समुद्रांपलीकडे जातात आणि त्यांच्या स्थलांतराच्या कथा होतात. मी नांदेड जिल्ह्यातून लातुरास गेलो. एका दिवसाच्या प्रवासाचे अंतर. तरीही मी फार दूर गेलो होतो, एवढे आता निश्चित सांगू शकतो.

माझे तारुण्य नांदेडच्या एका शाळेत संस्कृत शिकवण्यात गेले. निवृत्तीनंतर गावी परतलो. पत्नीच्या निधनानंतर घर मोठे वाटू लागले. त्याच सुमारास लातूरच्या एका महाविद्यालयातून बोलावणे आले. तेथे संगीतरचनेचा नवा अभ्यासक्रम सुरू झाला होता. पदांची रचना, वृत्ते आणि शुद्ध उच्चार शिकवण्यासाठी त्यांना कोणी जुना संस्कृतज्ञ हवा होता. ज्या शहरात आईबाप मुलांना डॉक्टर करण्यासाठी आणून वसतिगृहात ठेवतात, त्या शहरात चाली बांधायला शिकणारी मुले आहेत, याचेच मला अप्रूप वाटले. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला. पहाटेची स्नानसंध्या टँकरच्या पाण्यावर होऊ लागली. लिफ्ट, सिलॅबस, सेमिस्टर, रेकॉर्डिंग हे शब्द माझ्या जिभेवर सहज येऊ लागले. इतके सहज, की गावी फोनवर बोलताना समोरच्याने ‘म्हणजे काय?’ विचारले की मला ते उमगायचे.

तेथे शिकवणारे सारे स्वतः कलावंत होते. विभाग देशमुख सरांकडे होता. त्यांनी पुण्यात राहून मालिकांना संगीत दिलेले. कीबोर्डवर बोट ठेवून ते क्षणात चाल उलगडून दाखवत. तालाचे शिक्षक युसूफभाई उदगीरचे. चेष्टेखोर, पण तबल्यावर हात पडला की डोळे मिटून घेत. या मंडळींत मला ‘उच्चार सुधारणारे गुरुजी’ म्हणून ओळखत. ओळख खरी होती. मला ती बोचत होती, हा दोष माझा.

तेथे प्रथा अशी होती की पहिल्याच आठवड्यात प्रत्येक शिक्षकाने विद्यार्थ्यांसमोर स्वतःची एक रचना मांडायची. मला यातून सूट होती. पण देशमुख सर हसत म्हणाले, “गुरुजी, तुमचं काही असेल तर चालेल. नसेल तर एखादं स्तोत्र म्हणा.” त्या ‘नसेल तर’ने माझ्यातले काहीतरी डिवचले गेले. मी उठलो आणि आमच्या महादेवाच्या सायंकाळच्या आरतीनंतरचे पद गायलो.

त्या पदाचे शब्द माझे आहेत. पाठशाळेतून नुकताच शिकून आलो होतो, तेव्हा लिहिलेले. चाल मात्र केरबांची. मी नांदेडला नोकरीला गेल्यावर त्यांनी ती सनईवर बसवली आणि माझे वडील, ज्यांना सारा गाव आबा म्हणे, ती रोज सभामंडपात गात. पुढे आबा गेल्यावर गावी असेन तेव्हा मी गाऊ लागलो.

पद संपले तेव्हा टाळ्या झाल्या. देशमुख सरांचा चेहरा बदललेला मला दिसला. त्यांनी विचारले, “चाल पारंपरिक का?”

तेथे थांबता आले असते. तेही असत्यच झाले असते, पण थोडे पातळ. मी म्हणालो, “नाही. माझीच.”

चाळीस वर्षे ज्याने फळ्यावर यम-नियम लिहून दिले आणि ‘अस्तेय’ म्हणजे चोरी न करणे, या शब्दाचा विग्रह मुलांकडून पाठ करून घेतला, त्या माणसाचे हे दोन शब्द. जीभ अडखळली नाही. मला स्वतःच्या त्या सहजतेचीच सर्वांत अधिक किळस येते.

त्या दिवसापासून मला स्टाफरूममध्ये चहा आधी मिळू लागला.

आता त्या चालीतली एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुसऱ्या ओळीत ‘शरण आलो’ हे शब्द संपतात आणि ‘चंद्रमौळी’ सुरू होते, त्यांच्यामध्ये चार मात्रा रिकाम्या आहेत. गाणे नाही, सनई नाही. केवळ ठेका चालतो. प्रत्येक कडव्यात ही जागा येते. युसूफभाईंनी ती लगेच हेरली. “गुरुजी, हितं चार मात्रा सुन्या कामून सोडल्या?”

मला उत्तर ठाऊक नव्हते. जो चाल बांधतो त्याला ठाऊक असते. पण ज्याने ‘माझीच’ म्हटले आहे, त्याला ‘ठाऊक नाही’ म्हणता येत नाही. मी गंभीरपणे सांगितले की छंदशास्त्रात यती म्हणजे विराम हा अर्थपूर्ण असतो. मनुष्य शरण गेला की वाणीचे काम संपते, म्हणून शरणागतीनंतर कवी मौन योजतो. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. पुढे ते विभागाच्या पुस्तकातही घातले गेले. युसूफभाई मात्र मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहिले आणि एवढेच म्हणाले, “असंल, असंल.”

त्या वर्षाअखेर विद्यार्थ्यांनी पदाचे रेकॉर्डिंग केले. देशमुख सर म्हणाले, “गुरुजी, मौन वगैरे वर्गात ठीक आहे. मोबाईलवर ऐकणारा तिथं पुढं सरकतो.” त्यांनी त्या चार मात्रांत बासरीची एक नाजूक लड भरली. मला विचारले. मी संमती दिली. जे आपले नाही, ते बदलायला संमती देणे फार सोपे असते. इंटरनेटवर चढवलेल्या त्याच्या चित्रफितीखाली लिहून आले: शब्द आणि चाल, आणि त्यापुढे माझे एकट्याचे नाव.

यंदा महाशिवरात्रीला गावी गेलो. दुपारी दर्शनाची गर्दी ओसरल्यावर सभामंडपात बसलो होतो. केरबा झांज घेऊन खांबाला टेकले होते. समोरचे दात गेल्यापासून सनईची पत्ती ओठांत धरवत नाही. सनई गाभाऱ्याबाहेरच्या खुंटीवर टांगलेली असते. त्यांची नात रेणुका, नांदेडला कॉलेजात शिकणारी, मोबाईल घेऊन आली.

“आजोबा, तुमची चाल लातूरला वाजून राहिली,” ती म्हणाली आणि तिने ती लावली.

केरबा कानाशी हात धरून ऐकत होते. पहिल्या ओळीला त्यांनी मान डोलावली. दुसरी ओळ आली, बासरी वाजली आणि त्यांची मान थांबली.

रेणुकाने माझ्याकडे बघून विचारले, “गुरुजी, ह्याच्यात आजोबाचं नाव कुठं हाय?”

“गप गं,” केरबा म्हणाले. “मोठ्या माणसायला असं इचारत असतेत का?”

“लहान माणसाचं नाव गाळलं तर इचारावं लागतं,” ती म्हणाली.

“नावाचं काय घिऊन बसलीस? देवाला ठावं हाय की.” मग ते माझ्याकडे वळले. “पण गुरुजी, ती जागा कामून बुजवली?”

मी काहीतरी बोललो. मोबाईलवर ऐकणाऱ्यांना रिकामी जागा रुचत नाही, असे काहीसे. केरबांनी झांजेची दोरी बोटाला गुंडाळली.

“तुमाला सांगितलंच न्हाई कधी,” ते म्हणाले. “आबाला दमा हुता. तुमी नांदेडला गेल्यापासून लईच वाढला. गायला बसले की दुसऱ्या ओळीला धाप लागायची. लोकायला कळलं तर म्हणतेल, म्हाताऱ्याला बसवा आता. आन् आबाचा जीव तर त्या पदातच. मग म्या त्या जागी सनई थांबवायला लागलो. आबानं शरण आलो म्हणायचं, मान खाली घालायची, श्वास घ्यायचा. लोकायला वाटायचं चालच तशी हाय.”

मी विचारले, “मला का सांगितले नाहीत?”

“आबानं पिंडीवर हात ठिवून शपथ घातली हुती. म्हणले, बापूला कळालं तर नोकरी सोडून यील. त्याचं बस्तान बसू दे.”

बापू म्हणजे मी.

मी महिन्यातून एकदा घरी येत असे. आबा खोकत, मी ते वयावर घालत असे. शेजारी बसून पद ऐकत असे आणि त्या विरामाचे मनातल्या मनात कौतुक करत असे, कारण शब्द माझे होते आणि विरामाने ते अधिक गहन वाटत होते. ज्याला मी शरणागतीचे मौन म्हणून शिकवले, तो माझ्या बापाचा श्वास होता. केरबा रोज संध्याकाळी तो झाकून घेत होते. आणि आबा गेल्यावरही, मी निरोगी छातीने गात असताना, ते त्या जागी सनई ओठांपासून दूर करत राहिले. मला कधी विचारावेसे वाटले नाही.

त्या दुपारी मी केरबांच्या पायांवर डोके ठेवायला हवे होते. ‘चाल कोणाची’ असे विचारले तेव्हा मी काय उत्तर दिले, ते सांगायला हवे होते. मी तसे केले नाही. ‘देवाला ठावं हाय’ या त्यांच्या वाक्याचा मी आडोसा घेतला, प्रसादाची पुडी घेतली आणि संध्याकाळच्या गाडीने निघालो. रेणुका देवळाच्या पायरीवर उभी होती. तिने मला नमस्कार केला नाही. तिचे बरोबर होते.

लातुरात मात्र मी बोललो. विद्यार्थ्यांसमोर, त्याच खोलीत, उभे राहून. देशमुख सर नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, “गुरुजी, एवढं मनाला लावून घेऊ नका. चाली अशाच फिरत असतात. आम्ही सगळेच कुठून कुठून उचलतो.” ते चांगुलपणाने म्हणाले. पण मला क्षमेची ती सोपी वाट नको होती. मी त्यांना पुस्तकातले ते पान मागे घ्यायला आणि चित्रफीत काढायला सांगितले. त्यांनी कपाळाला हात लावला, पण ते केले.

युसूफभाई तबला आवरत होते. म्हणाले, “मला तवाच शक आला हुता, गुरुजी. ती जागा लिहिणाऱ्यानं सोडलेली न्हवती. संगं वाजवणाऱ्यानं सोडलेली हुती. त्याचा हात येगळा असतो.”

आता मुले पद नव्याने बसवत आहेत. बासरी काढली आहे. पुस्तकात चालीपुढे केरबांचे नाव येईल, आणि त्या चार मात्रांखाली यतीचे विवेचन नसेल. आबांना दमा होता, एवढे एकच वाक्य असेल. वर्गात ती जागा येते तेव्हा मुले आपोआप श्वास घेतात. मी तेव्हा खिडकीबाहेर बघतो.

पूर्वी मला वाटे, घर म्हणजे मी सोडून आलो ते गाव, तो सभामंडप, आता कुलूप लावलेल्या त्या दोन खोल्या. लातुरात आल्यावर वाटू लागले, जेथे आपल्याला मान मिळतो ते घर. आज मला त्या चार मात्रांपलीकडे घर उरलेले नाही. तेथे माझ्या माणसासाठी कोणी वाजवायचे थांबत होते, आणि मी तेथे नव्हतो.

गावातल्या मंडळींना एक विनंती. केरबांना वाचता येत नाही. येत्या सोमवारी आरतीनंतर हे सारे सभामंडपात मोठ्याने वाचून दाखवावे, त्यांच्यासमोर, ते ‘ऱ्हाऊ द्या’ म्हणाले तरी. रेणुका गावी असेल तर तिनेच वाचावे. पुढच्या अमावास्येला मी येतो आहे. जे पायांपाशी करायचे राहिले, ते तेव्हा करीन. आणि वाचता वाचता कोणाला धाप लागली, तर घाई करू नये. खाली बसावे, श्वास घ्यावा. केरबा थांबतील.