न झोंबणारं औषध

माझं नाक पहिल्यापासून नाजूक. जरा जोरात पुसलं तरी लाल होतं. त्यावरचे ब्लॅकहेड्स मात्र माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, चप्पल काढायच्या आधीच दिसतात. "नाकावर तीळ पेरलेत काय गं?" म्हणत ती डाळीचं पीठ घ्यायची आणि पितळी तांब्या घासावा तसं माझं नाक घासायची.

यंदा गुडघ्याच्या इलाजासाठी ती सदलग्याहून दोन महिने माझ्याकडं बेळगावला राहिली. नाक वाचवायला मी खडेबाजारातल्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी सौम्य सॅलिसिलिक ॲसिडची बाटली दिली. आठवड्यातून दोनदा पातळ लावायचं, घासायचं अजिबात नाही.

आक्कानं एक थेंब मनगटावर लावून बघितला. "झोंबत कुठंय? लई फसवलंय तुला." आमच्या घराण्यात डोळ्यांतून पाणी न काढणाऱ्या औषधाला औषध म्हणत नाहीत.

दीड महिन्यात माझं नाक स्वच्छ झालं. आक्का येईल त्या पाहुण्याला सांगू लागली, "माझ्या पिठाचा गुण." बाटली मात्र भराभर रिकामी होत होती.

एका सकाळी आक्का नाकावर पदर धरून चहाला आली. "सर्दी झालीया." पदर सरकला. नाक लालभडक, वर सालपटं निघालेली. झोंबत नाही म्हणून आक्काबाईंनी माझं औषध रोज दोन वेळा थापलं होतं.

मी पिठाचा डबा आणून तिच्यापुढं ठेवला.

तिनं तो हळूच मागं सारला. "नको गं. झोंबतंय."