नांगर न धरलेले हात

दुपारची भिक्षा पोटात गेली की माझे डोळे जड होतात. आज झोपायचं नाही असं ठरवून मी ओट्याला पाठ टेकते. तलाठी पीकपाहणीला येणार आहे. विहिरीजवळची पट्टी तेवढी आश्रमाची उरली आहे, आणि शेजारच्या मंगल कार्यालयाला ती मोटारी उभ्या करायला हवी आहे. तलाठी एकच गोष्ट विचारील, कोण कसतं?

"पाय आवर, मैने. उंबरा अडवलास."

केसरबाई. आमच्या आश्रमाच्या शेवटच्या महंत. त्यांना जाऊन वर्षं लोटली. तेच मुंडन, तेच काळं वस्त्र, खांद्याला रिकामी झोळी. मी दंडवत घालते.

"म्हातारी झालीस वं," त्या म्हणतात. "माझ्याहून."

आम्ही स्वयंपाकघरात आहोत. साऱ्या बाया पंगतीला बसल्या आहेत. कुणी विधवा, कुणी टाकलेली, कुणाला बापानेच आणून सोडलेलं. खिडकीतून नदीपर्यंत ज्वारी दिसते. देशमुखांच्या एका विधवेने ते रान कधीकाळी आम्हा बायांच्या पोटासाठी दिलं होतं. मी वाढायला वाकते तर पुढ्यात ताट नाही, टेबल आहे. टेबलामागचा साहेब विचारतो, "कायदा म्हणतो, कसेल त्याची जमीन. नांगर कोण धरतं?"

आमच्या पंथात जिवाला दुखवायचं नसतं. नांगराखाली किडे मरतात, म्हणून नांगर वाटेकरी धरायचा.

"आम्हीच धरतो म्हणा, बाई," मी कुजबुजते.

"आमच्यातली कुणी नाही," केसरबाई साहेबाला सांगतात.

तेव्हाही हेच सांगितलं होतं. रान वाटेकऱ्याचं झालं. त्याच्या नातवाने त्यावर मंगल कार्यालय बांधलं. बाया झोळ्या घेऊन दूरदूरच्या गावी गेल्या आणि तिकडेच मेल्या.

"खरं तेच बोलले मी," केसरबाई म्हणतात.

"बोललात. हात स्वच्छ ठेवलेत. पण ज्वारी खाल्लीतच ना? ती काय किडे न मारता आली होती?"

"हे तेव्हा का नाही विचारलंस?"

"अक्षरंसुद्धा केस पिकल्यावर शिकवलीत मला. माझं सगळंच उशिरा."

त्या बोळक्या तोंडाने हसतात. टेबल नाही. ओली काळी माती आहे, बैल जुंपलेले आहेत.

"धर," त्या नांगराची मूठ माझ्याकडे करतात.

"पाप लागेल."

"लागेलच. माझं मी जन्मभर वाटेकऱ्याच्या माथी मारलं. तुझं तू घे."

मी मूठ धरते. बैल चालतात. फाळाखाली काहीतरी मऊ कापलं जातं. मी वाकून ते उचलते.

"मावशी! अहो मावशी, उठा!"

ऊन डोळ्यांवर आलं आहे. समोर तलाठी उभा आहे, आणि त्याच्या मागे वाटेकऱ्याचा नातू, काळा चष्मा लावून.

"ही पट्टी कोण कसतं?" तलाठी विचारतो.

"कोण कसणार साहेब?" नातू हसतो. "या तर मुंगीलाही वाट देतात."

माझी मूठ अजून मिटलेली आहे. मी ती तलाठ्यापुढे उघडते. तळहातावर ओली काळी माती, आणि तिच्यात अर्धं गांडूळ वळवळतं आहे.

"मी," मी सांगते.