दुकान वाढव
जरा निवांत बसून हे पत्र वाच गं, महिना झाला, मावशी जिवंत आहे का हे तरी विचारावंस की. आज कडक भाकरीचा डबा उघडला, ज्वारीचा खरपूस वास आला आणि तुझा पराक्रम आठवला. त्या दिवशी आपल्या भाकऱ्यांच्या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये सकाळपासून डेटाबेस एरर होता, एकेक ऑर्डर दोनदा नोंदली जात होती, आणि तू पुण्यात बसून दुरुस्त करत होतीस. तिन्हीसांजेला देवापुढं दिवा लावून मी फोनवर म्हणाले, "आता दुकान वाढव, उद्या बघू." दिवेलागणीला 'बंद कर' कसं म्हणायचं? सकाळी स्क्रीन बघितली आणि हातातली परात खाली पडली. शिल्लक पन्नास भाकऱ्यांच्या तू पाच हजार केल्या होत्यास, ऑर्डरी धो धो येत होत्या, आणि थापणारे हात माझे दोनच. "मावशी, तूच म्हणालीस ना, वाढव!" तू रडवेली झालीस. दुपारच्या गाडीनं येऊन आठ दिवस माझ्याबरोबर भाकऱ्या थापल्यास, तेव्हा कुठं निभावलं. आज पुन्हा एरर आलाय. फोनवर काही सांगायची मला अजून धास्ती वाटते, म्हणून लिहितेय, तूच ये की लवकर.