परक्या रानातला गाळ

दरवर्षी पाडव्याला मी नारळ घेऊन बांधावर उभा राहायचो. रानाचा म्हातारा मालक यायचा आणि रान कसायला घेण्याच्या वर्षाच्या खंडावरून आमची घासाघीस सुरू व्हायची. एकदा मी चिडून मोटारसायकलवर बसलो, तर त्यानं हसत चावीच काढून घेतली. सौदा जमला की तो दगडावर नारळ फोडायचा, एक कवड मला द्यायचा. एवढ्यावर वर्ष पक्कं. कागद कसला नि सही कसली.

माझ्या नावावर गुंठाभर जमीन नाही. जे कमावलं ते खंडाच्या रानावर आणि तोंडाच्या जोरावर. उजनीच्या काठचं हे तीन एकर मी धरलं तेव्हा तिथं निव्वळ मुरूम होता, हुलगेसुद्धा नीट येत नव्हते. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरलं की मी काळा गाळ आणायचो. ट्रॅक्टरवाल्याशी खेपेखेपेला भांडायचो आणि गाळ स्वतः पसरायचो.

"परक्याचं रान कशाला सजवतोस?" लोक म्हणायचे.

"तुमच्या बापाचं काय जातंय?"

काही वर्षांत तिथं ऊस माझ्या डोक्यावर गेला.

म्हातारा वारला. यंदा पाडव्याला त्याचा मुलगा पुण्याहून गाडीनं आला. बरोबर केळीचा मोठा बागायतदार होता. काठावरची चांगली रानं तो एकेक करून धरत आला होता. मी नारळ पुढं केला. मुलानं तो घेऊन बॉनेटवर ठेवला.

"काका, जमीन यांना दिली. दहा वर्षांचा करार झाला."

"मला इचारलं न्हाईस? ह्येंच्यापेक्षा वर देतो की मी. बोल!"

"एका वर्षाचं वर द्याल. दहा वर्षांचं आज देता का?"



"रान लई झकास केलंय मामा तुमी," बागायतदार म्हणाला. "म्हणून तर घेतलं. शेजारचा मुरूम मी बघितलासुद्धा न्हाय. पाणी द्यायला माणूस लागंल. या की तुमीच."

"गाळ माझा हाय! सगळा भरून नेतो!"

"न्या की," तो सरळ म्हणाला. "रोपं यायला अजून येळ हाय."

निघताना मुलानं नारळ परत माझ्या हातात दिला. अख्खा.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर घेऊन गेलो. वरचा गाळ खरवडायचा, मुरूम त्यांना ठेवायचा, असा माझा बेत. फावडं मारलं. इथं मारलं, तिथं मारलं. इतक्या नांगरटीत सगळं एकजीव झालं होतं. माझा गाळ कुठवर आणि त्यांचा मुरूम कुठून, काही कळेना.

"भरायचं का न्हाय?" ट्रॅक्टरवाल्यानं हाक दिली.

मी फावडं ट्रॉलीत टाकलं. त्यानं रिकाम्या खेपेचं भाडं सांगितलं आणि माझ्या शिव्यांची वाट बघत थांबला. त्यानं सांगितलं तेवढं मी दिलं.