मशीनच्या पोटातला हरकत अर्ज

माझ्या दुकानातून कुणाचा कागद कधी फुटला नाही, असं मी गेल्या वर्षापर्यंत छातीठोकपणे सांगत होते. डहाणूत तहसील कचेरीजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. लोक काय काय घेऊन येतात! जातीचे दाखले, दवाखान्याचे रिपोर्ट, घटस्फोटाच्या नोटिसा. माझा नियम एकच. कागद काचेवर ठेवायचा, कडा जुळवायच्या आणि बटण दाबताना तोंड रस्त्याकडे फिरवायचं. मजकूर वाचायचा नाही. शेजारचा चहावाला म्हणायचा, "ताई, तुम्ही झेरॉक्स काढता की लाजता?" हसेना का. मला त्या नियमाचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

प्रिंट, स्कॅन सगळं करणारं मोठं मशीन मी वापीच्या एका माणसाकडून जुनं घेतलं. त्यानं ते दुकानाच्या वाय-फायला जोडलं आणि मला एक नंबर लिहून दिला. मोबाईलवर तो नंबर टाकला की मशीनचं पान उघडायचं आणि गिऱ्हाईक आपली फाईल आपल्याच हातानं प्रिंटला सोडायचं. मला स्वर्ग दोन बोटं उरला. तोवर जो तो माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर कागद पाठवायचा, आणि लोकांचे कागद माझ्या फोनमध्ये साठलेले मला अजिबात आवडायचे नाहीत. म्हणून वाय-फायचा पासवर्ड आणि मशीनचा नंबर, दोन्ही मी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून भिंतीला लावले.

ती बाई तलासरीकडून आली. माझ्याच वयाची असेल. माहेर कैनाडचं. वडील गेल्यावर भावांनी वारस म्हणून फक्त आपली नावं दिली होती, हिचं गाळलं होतं. तलाठ्याच्या नोटिशीवर हरकत घ्यायची मुदत संपत आली होती. हातानं लिहिलेला अर्ज तिला आधी पालघरच्या वकिलाला दाखवायचा होता आणि तिसऱ्या दिवशी दाखल करायचा होता. हे सगळं तिनंच सांगितलं, मी फाईलसाठी नाव, गाव आणि काम तेवढं विचारलं होतं.

"भावांना कळलं ना, तर अर्ज देऊच देणार नाहीत मला," ती म्हणाली. "कुणाला बोलू नका हां, ताई."

मला जरा रागच आला. "इथला कागद इथून बाहेर जात नाही," मी म्हटलं. तोंड फिरवून चारही पानं स्कॅन केली आणि मशीनवरूनच वकिलाला ईमेल केली.

आठवड्यानं ती परत आली. मी स्टूल पुढे केलं, ती बसली नाही.

"तुम्हीच सांगितलं ना माझ्या भावांना?"

अर्ज द्यायच्या आदल्या संध्याकाळी दोघे भाऊ आईला गाडीत घालून तिच्या घरी आले होते. थोरल्याच्या हातात तिच्या अर्जाची प्रिंट होती. आई रडायला लागली. भाऊ म्हणाले, कचेरीची पायरी चढलीस तर माहेर तुटलं समज. तिच्याकडचा मूळ अर्ज आणि ती प्रिंट त्यांनी तिच्याच चुलीत घातली, तिलाच वकिलाला फोन करून ईमेल पुसायला सांगायला लावलं, आणि सकाळी तिला निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली. वडिलांच्या जमिनीतला तिचा वाटा अर्ध्या तासात संपला.

माझं डोकंच फिरलं. वकिलाकडूनच फुटलं असणार, म्हणून मी तिलाच चार शब्द सुनावले. वर माझी बाजू खरी करायला वापीच्या माणसाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"सांगा हो यांना, मशीन कुणाचा कागद कुणाला दाखवतं का?"

"मशीन दाखवते कुठे, बेन," तो म्हणाला. "पण पोटात ठेवते ना."

"काय ठेवतं?"

"स्कॅन केलेलं सगळं. ते नंबरवालं पान उघडा ना. बाजूला यादी दिसेल."

"आणि त्या यादीला पासवर्ड?"

"पासवर्ड लावलाच नाय. तुम्ही बोललाच नाय तर! कंपनीतून आलं तसंच चालते सगळ्यांकडे."

मी पान उघडलं. त्या पानावरून रोज शंभर प्रिंटा निघत होत्या, पण बाजूच्या त्या बारीक अक्षरांवर मी कधी बोट ठेवलं नव्हतं. आता ठेवलं. महिन्यांमागून महिन्यांचे स्कॅन तिथे ओळीनं उभे होते. मजकूर वाचायचा नाही म्हणून मी प्रत्येकाला नाव, गाव आणि काम विचारायचे आणि फाईलला तेच नाव द्यायचे, परत आलं तर कागद चटकन सापडावा म्हणून. चिंचणीच्या एका बाईचं नाव, पुढे गर्भपाताचा रिपोर्ट. आगर गावच्या एका म्हाताऱ्याचं नाव, पुढे मृत्युपत्र. आणि हिचं नाव, कैनाड, वारस हरकत. दुकानात येऊन पुठ्ठा वाचणारं कुणीही हे बघू शकत होतं.

खाली छापलेल्या कागदांची नोंद होती. हिचा अर्ज दुसऱ्याच दिवशी दुपारी एका मोबाईलवरून छापला गेला होता. मोबाईलच्या मालकानं फोनला स्वतःचंच नाव दिलेलं होतं.

"हा थोरला," ती म्हणाली.

तेव्हा मला तो माणूस आठवला. सातबारा छापायला आला होता, गर्दी होती म्हणून बाकावर मोबाईल चाळत बसला होता. मग मशीनमधून चार पानं आली. मी तोंड रस्त्याकडे फिरवलं, कडा जुळवल्या, स्टेपलरची पिन मारली आणि पानं त्याच्या हातात दिली. वर सांभाळून न्या म्हणाले.

मी तिला हे सगळं सांगून टाकलं. लपवायला तोंडच उरलं नव्हतं. तिनं शांतपणे ऐकलं.

"पण मशीनला माझं नाव कोणी सांगितलं?"

"मी," मी म्हटलं.

मी उठून पुठ्ठा फाडला. यादीतला एकेक कागद पुसायला लागले. तिच्या नावावर आले तशी तिनं माझं मनगट धरलं.

"माझा नका पुसू, ताई. मी वाटा मागितला होता, त्याचा तेवढा एकच कागद उरलाय."