चांदीच्या शाईतली कडी

आमचा छापखाना कसबा बावड्यात आहे. लग्नपत्रिका, गुळाच्या खोक्यांवरची लेबलं आणि निवडणूक आली की हँडबिलं, एवढ्यावर घर चाललं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो स्क्रीन प्रिंटिंगच्या एका टेबलावर सुरू केला. ताणलेली जाळी, तिच्यावर शाई, आणि रबराची पट्टी ओढायची. मी लग्न होऊन आले आणि हळूहळू सगळा कारभार माझ्या हातात घेतला. डिजिटल मशीन आणलं, आणि मग दुसऱ्या मशीनसाठी मला त्या टेबलाची जागा हवी झाली. महिनाअखेरीला भंगारवाला टेबल न्यायला येईल, असं मी एका दुपारी जेवताना सांगून टाकलं. मामंजी "बरं" म्हणाले आणि अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले.

मला त्यांचाच राग आला, कारण बरोबर मी होते. टेबलावर महिन्यात दोन कामंही येत नव्हती. पण दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी टेबल पुसायला लागले. तोंडानं काही बोलत नव्हते, नुसतं पुसत होते. त्यापेक्षा भांडले असते तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात इंजिनिअरिंग कॉलेजच्या एक प्राध्यापिका आल्या. त्यांना चांदीची पूड घातलेली शाई जाड थरात छापून हवी होती आणि माझ्या डिजिटल मशीनला ते जमण्यासारखं नव्हतं. त्यांच्या चित्रात एकात एक बसवलेली आठ कडी होती; ते रेडिओ लहरींनी वाचायचं लेबल होतं. बाजारातल्या रेडिओ लेबलांत बारीक चिप असते, ती गुळाच्या खोक्याला परवडत नाही. यांच्या लेबलात चिपच नव्हती, नुसती शाई. यंत्रानं लेबलावर लहरी सोडायच्या. ज्या कड्याचं तोंड उघडं, ते आपल्या मापाची लहर गिळतं. बंद कडं गप्प बसतं. कुठल्या लहरी गिळल्या गेल्या ते बघून यंत्र खोक्याचा नंबर सांगतं, लेबल पुठ्ठ्याआड असलं तरी. जयसिंगपूरचा एक गुळाचा व्यापारी हे बघायला येणार होता, कारण त्याच्या नावाची नकली खोकी बाहेर विकली जात होती.

प्रत्येक नंबरची कडी वेगळी, म्हणून मॅडमनी चार नंबरांच्या चार फिल्म दिल्या. फिल्मवरचं चित्र जाळीवर उतरवायचं, म्हणून चार फिल्म म्हणजे चार स्क्रीन.

"शंभर खोक्यांना शंभर स्क्रीन करायच्या?" मी विचारलं.

"तेच तर अजून सुटलेलं नाही," त्या हसून म्हणाल्या. "दोन वर्षं त्याच्यावर डोकं फोडतेय."

मी मामंजींना स्वयंपाकघरात गाठलं आणि सांगितलं, हे काम जमलं तर टेबल राहील, नाही जमलं तर भंगारात जाईल. त्यांनी मान हलवली. दोन दुपारी ते दारं लावून आत बसले. लेबलं छापून हातात आली तेव्हा रेघ न् रेघ आरशासारखी होती. मी मनातून खूश झाले, पण तसं बोलून दाखवलं नाही.

व्यापारी येणार त्याच्या आदल्या दिवशी मॅडम यंत्र घेऊन आल्या. पहिलं लेबल समोर धरलं, पडद्यावर सरळ रेघ. दुसरं धरलं, सरळ रेघ. चारही नंबर ठार मुके. मॅडमनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा पडला. दोऱ्याएवढी बारीक असलेली कड्यांची सगळी तोंडं बुजलेली होती.

"व्हय, मीच बुजवल्यात," मामंजी शांतपणे म्हणाले. "फिल्मवर रेघा तुटक्या हुत्या. तुटकी रेघ आपल्या प्रेसमधनं भाईर जात न्हाय."

चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. पत्रिकेची चौकट कुठं तुटलेली दिसली की वधूपक्ष अपशकुन म्हणून सगळा गठ्ठा परत आणतो. म्हणून फिल्म हातात आली की बारीक ब्रशनं तुटक्या रेघा जोडायच्या, ही त्यांची सवय. दोन दुपारी डोळे ताणून त्यांनी आमच्यावर उपकार केले होते.

माझा तोल सुटला. "इचारायचं तरी की एकदा," मी परक्या बाईसमोर ओरडले. "कवा कुणाला इचारून काय केलंय का तुमी? जाऊ द्या ते टेबल भंगारात, म्हंजे सुटंन मी." मामंजींनी चष्मा काढून पुसला, आणि मला माझीच लाज वाटली.

ते मॅडमकडं वळले. "कुठली उघडी पायजेत?"

"या नंबरला पहिलं, तिसरं आणि सहावं," मॅडम म्हणाल्या. त्यांना फारशी आशा नव्हती.

मामंजींनी अर्धं ब्लेड घेतलं, पत्रिकेतली चूक खरवडायला ते असतंच. भिंगाखाली लेबल धरून त्यांनी श्वास रोखला आणि तीन ठिकाणची चांदी केसाएवढी काढली. लेबल यंत्रासमोर धरल्यावर पडद्यावरच्या रेघेला तीन ठिकाणी खड्डे पडले. नंबर बरोबर आला.

मॅडमनी नंबर दोनदा ताडून पाहिला. मग त्यांनी त्याच स्क्रीनचं दुसरं लेबल पुढं केलं आणि वेगळा नंबर मागितला. तोही आला.

"म्हणजे स्क्रीन एकच पुरेल," त्या सावकाश म्हणाल्या. "सगळी कडी बंदच छापायची, आणि नंतर हवी तेवढी उघडायची."

"मग काय," मामंजी म्हणाले. "शंभर पावण्यांस्नी शंभर पत्रिका कोण येगळ्या छापतंय? पत्रिका एकच, वर नाव तेवढं हातानं लिवायचं."

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. गुळाच्या ओलीनं पहिलं खोकं बोललंच नाही, मग लेबल गुळापासून लांब, झाकणाला आतून चिकटवलं आणि ते बोललं. "पावणं, ह्यात बॅटरी कुठं हाय?" असं त्यानं मामंजींना चारदा विचारलं आणि एका हंगामापुरती थोडी लेबलं छापायला सांगून गेला. मॅडमनी स्पष्टच सांगितलं, बाजार अजून लांब आहे, वाचायचं यंत्रच सध्या कुणाला परवडणार नाही. पण पोरांना शिकवायला कॉलेजला ते टेबल हवं होतं, आणि आठवड्यातून दोन दिवस टेबलाबरोबर मामंजी.

मामंजींनी माझ्याकडं बघितलं. "जाऊ न्हवं?"

"जावा की," मी म्हणाले, आणि आत जाऊन पोटभर रडले. टेबलही वाचलं होतं आणि मला हवी ती जागाही मिळाली होती, तरी रडले.

पहिल्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि डबा घरीच राहिला. मी दुपारी त्यांच्या मोबाइलवर फोन लावला, तो एका विद्यार्थिनीनं उचलला. "सर प्रॅक्टिकल घेत्यात," ती म्हणाली. "थांबा, देते." चौथी शिकलेल्या माझ्या सासऱ्यांना कुणी सर म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"कोण बोलतंय?" मामंजींचा आवाज आला. "लवकर बोल, पोरं थांबल्यात."

डब्याचं सांगायचं मी विसरलेच. "त्या दिवशी मी ओरडले," मी म्हणाले. "चुकलं माझं."

"ते कवाच खोडलं," ते म्हणाले आणि पोरांकडं गेले.